टेबल, तेल आणि तुमच्या मातोश्री

तीर्थस्वरूप वन्संना,

वाकून नमस्कार. (वाकणं जमलं, उठताना कंबर धरली. का धरली ते पुढे येईलच.) तुमचं पित्त कसं आहे? भाऊजींचा गुडघा? सगळे खुशाल असाल अशी खात्री आहे, कारण नसतात तर तुमचा फोन आला असता. अर्थात खुशाल असलात तरी तो येतोच. 'ताई म्हण' असं तुम्ही लग्नापासून सांगत आलात आणि एरवी मी म्हणतेही. पण आज मी भांडायला बसले आहे, आणि भांडताना 'वन्सं' बरं पडतं. फोन सोडून पत्र का, असं विचाराल. फोनवर माझं वाक्य सुरू होतं आणि ते संपवता तुम्ही. कागदाला मध्ये तोडता येत नाही. फाडता येतो, पण तोवर निम्मं वाचून झालेलं असतं.

तर विषय असा. मागे आईंच्या कोपरात जेवणाच्या टेबलाचं कुसळ घुसलं. मी चिमट्याने काढलं, मलम लावलं, वर छोटीशी पट्टी चिकटवली. ती पट्टी आईंनी तुम्हाला व्हिडिओ कॉलवर अशी काही दाखवली की तुम्हाला त्यांचा हातच निकामी झाल्यासारखा वाटला. तुम्ही तिथल्या तिथे निकाल दिलात: त्या घरात म्हाताऱ्या माणसाला धड टेकून जेवायलाही जागा नाही, महिनाअखेरच्या रविवारी गाडी घेऊन येते आणि आईला कायमची माझ्याकडे नेते. मी 'बघू' म्हटलं. आपल्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही' हे तुम्हाला माहीत आहे, कारण तो शब्द मी तुमच्याच आईंकडून शिकले. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं हे ऐकून होते. दुसऱ्याच्या टेबलातलं कुसळ फोनवरून दिसणारं माणूस मात्र पहिल्यांदाच पाहिलं. आता ऐका. ते टेबल मी फेकलं नाही, विकलं नाही, त्याच्यावर फुलाफुलांचं प्लास्टिक घालून झाकलंही नाही. मी ते घरच्या घरी, स्वतःच्या हातांनी, खरवडून, घासून नव्याने पॉलिश केलं आहे. मी म्हणजे मी आणि तुमच्या मातोश्री. मातोश्रींच्या सहभागाला मदत म्हणायचं का, ते पुढचं वाचून तुम्हीच ठरवा.

तुमच्या बंधुराजांचं मत होतं की पॉलिशवाल्याला बोलवावं. बोलवला. त्याने टेबलावर टकटक केलं, खाली वाकून पायांत डोकावलं, आणि अशा टेबलावर हात घाण करायला मला सवड नाही, काचेचं घेऊन टाका, असं सांगून चहा मागितला. चहाचा कप त्याने त्याच टेबलावर ठेवला आणि जाताना एक पांढरं वर्तुळ मागे सोडून गेला. (ते कुठलं, हे आता कोणालाच सांगता येणार नाही, तिथे अशी वर्तुळं पुष्कळ होती.) त्याच क्षणी मी ठरवलं की हे टेबल आता मीच करणार, आणि असं करणार की त्याच्यावर गरम पातेलं ठेवलं, पाणी सांडलं, कुणी नखाने खरवडलं, तरी टेबलाने त्याची दखल घेऊ नये. बंधुराज म्हणाले, हे आपल्याला झेपणार नाही. त्यांना न झेपणाऱ्या गोष्टीच या घरात आजवर माझ्या वाट्याला आल्या आहेत, त्यामुळे मला उलट हुरूपच आला. मग त्यांनी सोफ्यावर आडवं पडून लाकूडकामाचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली आणि तिथूनच सूचना द्यायला लागले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी जवळून पाहिलं. उंट निदान चालतो तरी.

पहिलं काम जुना रंग काढायचं. त्यासाठी एक जेलीसारखं औषध मिळतं. ते फासलं की रंगाला फोड येतात आणि पत्र्याच्या पट्टीने तो खरवडून निघतो. डब्यावर लिहिलेलं असतं की खिडक्या उघड्या ठेवा. मी ठेवल्या. त्यामुळे तो वास आमच्यापुरता न राहता सगळ्या इमारतीचा झाला. वरच्या मजल्यावरच्या बाई (त्यांना आम्ही घरात 'वार्ताहर' म्हणतो) खाली येऊन विचारून गेल्या की कुणी गेलं का. मी म्हटलं, अजून नाही. टेबल हॉलमध्ये उलटं पाय वर करून पडलं असल्यामुळे आमची जेवणं इस्त्रीच्या टेबलावर सुरू झाली. त्याला उंची कमी-जास्त करायचा खटका असतो, आणि आईंनी तो सर्वांत वरच्या खाचेला लावून घेतला. रोज रात्री त्या न्यायाधीशासारख्या उंच टेबलामागे बसायच्या आणि आम्ही दोघं समोर ताटं हातात धरून उभे. भाजीत मीठ कमी असल्याचे निकाल त्या काळात जरा जास्तच कडक लागले.

खरवडताना वरचा चॉकलेटी रंग गेला, खाली हिरवा निघाला. (मामंजींना म्हणे खिडक्यांचा उरलेला रंग वाया घालवायचा नव्हता.) हिरवा गेल्यावर लाकूड दिसलं, आणि लाकडावर इस्त्रीचा पूर्ण तळवा उमटलेला दिसला, नाकाच्या टोकासकट. बंधुराज ओरडले की हा डाग त्यांच्या नावावर आहे, त्यासाठी त्यांनी लहानपणी मार खाल्ला आहे. तेव्हा आईंनी शांतपणे सांगितलं की नाही रे, तो तिने केला होता, मला तेव्हाच माहीत होतं, पण मारायला तू जवळ होतास. ती म्हणजे कोण ते तुम्हाला सांगायला नकोच. भावाचा त्यावरचा राग अजून उतरलेला नाही. म्हाताऱ्या माणसाला कसं सांभाळावं यावर तुमच्याकडून ऐकून घ्यायला मी तयार आहे. टेबल कसं सांभाळावं यावर मात्र तुम्ही गप्प बसावं हे उत्तम.

मग घासणं. लाकूड नेहमी त्याच्या रेषांच्या दिशेने घासायचं असतं, लांबच्या लांब हात मारत. हे जगात सगळ्यांना मान्य आहे. अपवाद फक्त तुमच्या मातोश्री. त्यांच्या मते घासणं म्हणजे गोल गोल. त्यांनी आयुष्यभर भांडी गोल घासली आणि एकाही भांड्याने तक्रार केली नाही. त्यांना एक पॉलिश पेपर देऊन मी टेबलाचं एक टोक त्यांच्या ताब्यात दिलं (दिलं कसलं, त्यांनी घेतलं), आणि दुसऱ्या टोकाकडून मी सुरुवात केली. मध्यावर आमची गाठ पडली तेव्हा माझ्या बाजूला सरळ रेषा होत्या आणि त्यांच्या बाजूला भोवरे. त्यांचे भोवरे मी दुपारी त्यांच्या झोपेत सरळ केले. संध्याकाळी त्यांनी टेबलावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, बघ, गोल घासल्याने किती गुळगुळीत झालंय. मी नुसती मान डोलावली. माझ्या मोठेपणाची नोंद कुणी घेत नाही म्हणून ती इथे मीच घेते. भुसा टीव्हीवर बसला, चष्म्यांवर बसला, बंधुराजांच्या नाकात जाऊन बसला. ते शिंकत शिंकत सूचना द्यायला लागले आणि त्यामुळे त्या अधिक थोडक्यात यायला लागल्या. कंबर धरली ती याच आठवड्यात.

आता मुख्य भानगड. घासलेल्या लाकडाला आधी जवसाचं तेल पाजायचं आणि ते मुरून पक्कं सुकलं की वर कडक पारदर्शक वार्निश चढवायचं, असं ठरलं. रंगाचा दुकानदार हा मनुष्य 'चालेल' या एकाच शब्दावर दुकान चालवतो. जेवणाच्या टेबलाला हे तेल चालेल का? चालेल. त्यावर हे वार्निश? चालेल. तेल नीट सुकलं नसेल तर? चालेल. टेबलाऐवजी तुम्हालाच फासलं तर, हे मी विचारलं नाही, पण उत्तर मला माहीत आहे. डब्यावरची सूचना मात्र स्पष्ट होती: तेल पातळ लावा, थोडा वेळ मुरू द्या, राहिलेलं सगळं कोरड्या फडक्याने पुसून काढा, मग हात लावू नका. मी बरोबर तसंच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर टेबल ओलं. म्हटलं, हवा दमट असेल. पुसलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा ओलं. पंखा लावला, पुसलं. पुन्हा ओलं! बंधुराजांनी निदान केलं की काही लाकडं तेल ओकतात, आणि तसा एक व्हिडिओही दाखवला, ज्यात एक दाढीवाला माणूस एका फळीकडे बघून हळहळत होता. मी रोज सकाळी पुसत होते आणि रोज सकाळी ते माठासारखं पाझरलेलं असायचं. शेवटी मी डबा घेऊन दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराला म्हटलं की तुमचं तेल भेसळीचं आहे. तो म्हणाला, मग दुसरा डबा न्या, चालेल. माझा आवाज चढला, त्याचा चढला नाही, त्यामुळे चूक माझी असल्यासारखं दिसलं. तरी मी माघार घेतली नाही. नुसतीच बाहेर पडले.

दरम्यान पुसलेली फडकी मी बाल्कनीतल्या प्लास्टिकच्या बादलीत बोळे करून टाकत होते. जवसाच्या तेलाची फडकी अशी कोंबून ठेवली की आपली आपण तापतात आणि पेटू शकतात, ती पसरून वाळवायची असतात. हे मला माहीत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं, तेव्हा वाचताना माहीत असल्यासारखं तोंड करू नका. त्या दिवशी बादलीतून धूर यायला लागला. वार्ताहर वरून किंचाळल्या. बंधुराज, ज्यांनी टेबलाच्या बाबतीत आजवर एक बोटही हलवलं नव्हतं, ते सोफ्यावरून जे उठले ते थेट न्हाणीघरात गेले आणि साबणात भिजवलेल्या कपड्यांची बादली कपड्यांसकट बाल्कनीत उपडी केली. आग लागलीच नव्हती. नुसता धूर होता. पण त्यांचे ऑफिसचे सगळे शर्ट तेलात आणि काजळीत न्हाऊन निघाले. घराला आग लागली आणि म्हातारी थोडक्यात वाचली अशी बातमी तुमच्यापर्यंत पोचली असेल (पोचलीच असेल, वार्ताहरांकडे तुमचा नंबर आहे), तर खरं काय ते हे असं आहे. म्हातारी तेव्हा स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने विचारत होती की माझ्या स्वच्छ बादलीत ही चिंध्यांची घाण कुणी टाकली.

फडकी पिळून पसरताना माझ्या डोक्यात आलं की एवढं तेल आलं कुठून. डबा हलवून पाहिला तर जवळजवळ रिकामा, आणि मी तर एकदाच, तेही पातळ, लावलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाजी आणायला जाते म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडले आणि जिन्यावरूनच परत फिरले. दार हळूच उघडून बघते तर तुमच्या मातोश्री वाटीत तेल घेऊन, कापसाच्या बोळ्याने, टेबलाला चोळताहेत. एखाद्या पोराच्या टाळूवर तेल थापावं तसं, आणि तोंडाने 'पी, पी' चालू. मी पिशवी खाली टाकली. त्या दचकल्या नाहीत की ओशाळल्या नाहीत. उलट मलाच झापलं, की रोज दुपारी मी याला पोटभर पाजते आणि रोज सकाळी हे पुन्हा ठणठणीत कोरडं, मला वाटलं लाकूड फार उपाशी आहे. आणि वर, 'तू पुसत होतीस होय?' चोराच्या उलट्या बोंबा! म्हणजे बघा, एकाच घरात, एकाच टेबलावर, एक बाई रोज दुपारी तेल लावतेय आणि दुसरी रोज सकाळी पुसतेय, आणि विचारायचं कुणी कुणाला नाही, कारण विचारलं तर आपल्याला कळत नाही असं दिसेल. मी म्हटलं, आई, एवढी घाई कसली होती? त्यावर त्या काय म्हणाल्या ते इथे लिहीत नाही.

त्यानंतर आमचा तह झाला. टर्पेंटाइनने टेबल पुसून काढलं, राहिलेलं तेल खरोखर सुकू दिलं, आणि तोवर दोघी टेबलाच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून एकमेकींवर पहारा देत बसलो. बसल्या बसल्या बोलणं झालं. इतक्या वर्षांत ज्यावर भांडायचं राहून गेलं होतं अशा कितीतरी गोष्टी निघाल्या. अगदी माझ्या लग्नातल्या साडीच्या रंगापर्यंत आम्ही जाऊन आलो. मग वार्निशचे हात चढवले. एक हात, तो सुकल्यावर बारीक पेपरने हलकेच घासायचा, पुसायचा, मग पुढचा. कुंचला आईंनी घेतला. (मी दिला नव्हता.) पण खोटं कशाला बोलू, श्वास रोखून या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या एका दमात जो हात मारतात, तो मला जमत नाही. टेबल आता कसं झालंय म्हणून सांगू? पाणी सांडलं तर थेंब नुसता बसून राहतो, आत शिरायचं नाव घेत नाही. परवा आईंनी मला न विचारता गॅसवरून उतरवलेलं पातेलं थेट त्यावर ठेवलं आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मीही बघत उभी राहिले. पातेलं उचललं तर खाली काही नाही. कुठेही डाग नाही, कुसळ नाही, खडबड नाही. कोपर टेकून खुशाल जेवावं. तेव्हा 'त्या घरात जेवायला जागा नाही' हे तुमचं कलम रद्द झालं आहे, असं मी या पत्राने कळवते. पॉलिशवाल्याला बोलावून दाखवलं. त्याने पुन्हा चहा मागितला. दिला नाही.

भाऊजींना नमस्कार, त्यांनी गुडघ्याला शेक घ्यावा. (तेल लावू नये.) मुलांना आशीर्वाद. कमीजास्त बोलले असेन तर ते तसंच बोलायचं होतं.

तुमची,
धाकट्या भावाची बायको

ता. क. वर 'कुठेही खडबड नाही' लिहिलंय ते तीन कोपऱ्यांपुरतं समजावं. चौथ्या कोपऱ्याला दुपारचं तेल जरा जास्त मिळालं होतं, त्यामुळे तिथलं वार्निश अजून चिकट आहे. काल बंधुराजांनी तिथे हात टेकला; शर्टाची बाही सुटली, बटण अजून तिथेच आहे. त्यामुळे तो भाग पुन्हा खरवडावा लागेल. येत्या रविवारी येऊ नका.

ता. क. दुसरा. आणि त्याच्या पुढच्या रविवारीही नेण्यासाठी म्हणून येऊ नका. आई काय म्हणाल्या ते सांगते. मान वर न करता, बोळा फिरवत म्हणाल्या, 'रविवारपर्यंत हे चकचकीत झालं पाहिजे गं, नाहीतर ती मला घेऊन जाईल.' मी खाली पडलेली पिशवी उचलली. वन्सं, तुमचं घर मोठं आहे, उजेडाचं आहे, हे मला मान्य. पण तुम्ही दोघं सकाळी बाहेर पडता ते अंधार पडल्यावर येता. दिवसभर आई तिथे भांडणार कुणाशी? आणि मी इथे कुणाशी भांडू? या माणसाशी? तो तर शिंकतो नाहीतर झोपतो. तुमचा त्यांच्यावर हक्क आहे, माझ्याहून जुना आहे, तो मी नाकारत नाही. टेबल हवं तर घेऊन जा. खरंच सांगते, गाडीवर मी चढवून देईन. आईंना नेऊ नका.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवताना आईंनी पत्र हातातून ओढून घेतलं आणि चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. 'पी, पी' असं त्या म्हणाल्याच नव्हत्या, ते खोडायला सांगितलं. (खोडलेलं नाही.) टेबल घेऊन जा असं सांगणारी मी कोण, हेही विचारलं. मग म्हणाल्या, 'तिला लिही, टेबल झालं म्हणजे काम संपलं असं नाही. सहा खुर्च्या राहिल्यात. आणि त्या हिच्या एकटीच्या हातात दिल्या तर ही सगळ्या सरळ घासून ठेवेल.' तेव्हा वन्सं, खुर्च्या सहा आहेत, आणि आम्हा दोघींना एक वस्तू करायला किती वेळ लागतो ते तुम्ही आत्ताच वाचलं आहे.